गोठ्यात पडलेली पांढरी पूड

चार वर्षांपूर्वी वळीव यायच्या आत गोठा शाकारायची घाई होती. ओढ्याकाठच्या बांबूच्या बेटातून वीस-बावीस कळक तोडले, हिरवेगार, सरळसोट. दिवाळीपर्यंत म्हशीच्या पाठीवर मैद्यासारखी पूड पडायला लागली. गावातल्या बुरूडमामांनी वर एकदा बघितलं आणि एवढंच विचारलं, “वैशाखात तोडलं व्हतं काय?”

बांबूचं अर्धं शास्त्र या प्रश्नात आलं.

बांबू गवताच्या कुळातला. ज्वारी, भात, हरळी याच कुळातली, आणि आपल्या कराड-वाळव्याकडचा ऊसही त्याचा भाऊबंदच. त्यामुळे उसात वाढलेल्या माणसाला बांबू परका वाटत नाही. पेर तेच, डोळा तोच, मुळ्यांचं जाळंही तसंच. फरक साठवणीत. ऊस साखर साठवतो, बांबू स्टार्च. पावसाळ्यात जो कोंब फुटणार त्याला सुरुवातीला पानंच नसतात, म्हणजे स्वतःचं अन्न त्याला करता येत नाही. त्याच्यासाठी जमिनीखालच्या कंदात आणि उभ्या काठ्यांत आधीपासून शिदोरी भरलेली असते. वैशाखातला कळक म्हणजे भरलेली कणगी, आणि काठी पोखरून ती पांढरी पूड पाडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या जगतात त्या या स्टार्चवरच. पाऊस सरला की कोंबांनी हा साठा ओढून घेतलेला असतो. म्हणून तोडणी कार्तिक ते पौषात. काहीजण अंधारा पंधरवडाही पाळतात. मी मात्र महिना पाळतो, चंद्राचं त्याचं तो बघेल.

कोंब जमिनीतून वर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. मनगटाएवढा आला तर जन्मभर मनगटाएवढाच. आंब्याचं खोड वर्षागणिक भरत जातं, कारण सालीखाली वाढीचा एक थर असतो. गवताला तो नसतो. काठीची सगळी पेरं कोंबातच एकात एक बसवलेली असतात, घडीच्या छत्रीच्या दांड्यासारखी. प्रत्येक पेर आपापल्या बुडाशी वाढतं आणि बरीच पेरं एकदमच लांबतात. बांबूच्या काही जातींत एका दिवसात 91 सेंटिमीटर वाढ नोंदली गेली आहे. मी आषाढात शेजारच्या काठीला सुतळी बांधून खूण केली होती. सकाळी कोंब खुणेच्या वीतभर वर.

दोन-तीन महिन्यांत उंची पुरी होते, पण काठी पिकायला तीन वर्षं लागतात. जाडीवरून वय कळत नाही, इथेच पुष्कळजण फसतात. पहिल्या वर्षीच्या काठीवर खोळी आणि राखेसारखा पांढरा थर असतो; जुनीचा हिरवा रंग विटलेला, अंगावर डाग. नवे कोंब बेटाच्या कडेला येतात, जुन्या काठ्या मधे अडकतात. म्हणून बेट एका बाजूने घोड्याच्या नालासारखं उघडून आत शिरायचं.

कळक फुलला की दुष्काळ, असं आजी म्हणायची. कित्येक दशकांतून एकदा फुलायचं आणि बी टाकून मरायचं, अशी बऱ्याच जातींची रीत. मिझोराममध्ये तिथल्या एका जातीला 48 वर्षांनी एकदम फुलोरा येतो, बिया खाऊन उंदीर माजतात आणि मग शेतं फस्त करतात. 1959 च्या सुमाराला तिथे खरोखरच अन्नान्नदशा झाली होती. आजीने मिझोराम कधी ऐकलंही नव्हतं.

1927 च्या वन कायद्यात हे गवत झाड ठरलं होतं. 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू त्या यादीतून निघाला, आणि स्वतःच्या बांधावरची काठी तोडून नेणं सोपं झालं. लावायचा तर 5 बाय 5 मीटरवर, एकरी साधारण 160 रोपं. माण, खटाव, जतसारख्या कोरड्या भागात विदर्भातली मानवेल ही बांबूची जात तग धरते. तिची काठी जवळजवळ भरीव असते. पण उत्पन्न चौथ्या-पाचव्या वर्षाशिवाय सुरू होत नाही. चांगला ऊस मोडून बांबू लावा, असं मी कुणाला सांगणार नाही. ओढ्याचा काठ, बांध, उताराची पड जमीन ही त्याची जागा.

काठीचं बळ सालीकडे असतं, तिथे धागे दाट. मामा सुपासाठी हिरव्या पाठीची कामटी काढतात, आतला पांढरा गर चुलीला. पावसात डोक्यावरून घ्यायची पाटणकडची इरली आता दिसेनाशी झाली, पण टोमॅटोची ताटी आणि गुढी बांबूवाचून उभी राहत नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत पहिला मान असतो तो आपल्या साताऱ्याच्या पाडळीच्या सासनकाठीला, तीही कळकाचीच.

गेल्या मार्गशीर्षात पुन्हा वीस काठ्या तोडल्या, तीन वर्षांवरच्या. मामांच्या सांगण्यावरून वाहत्या ओढ्यात दगड ठेवून तीन आठवडे बुडवल्या, उरलासुरला स्टार्च धुऊन जावा म्हणून. बाहेर काढल्या तेव्हा असा आंबूस वास सुटला की बायकोने दोन दिवस त्या अंगणात येऊ दिल्या नाहीत.