कृष्णधवल निगेटिव्हवरील दोष व त्यांचे निदान

घरी धुतलेल्या कृष्णधवल फिल्मवर, म्हणजे निगेटिव्हवर (जिथे प्रकाश जास्त, तिथे काळे उमटते), अचानक दिसणारे डाग, पट्टे, धुरकटपणा, ओरखडे किंवा फिकेपणा यांचे मूळ कॅमेऱ्यात आहे, टँकमध्ये (फिल्म धुण्याच्या बंद डब्यात) आहे की वाळवणीत, हे ओळखण्याची रीत. मराठीत ‘रोल धुणे’ म्हणजे डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण), स्टॉप बाथ (ते काम थांबवणारे), फिक्सर (उरलेले चांदीचे क्षार विरघळवणारे) आणि पाणी हा सगळा क्रम. या नोंदीत ‘धुणे’ त्याच अर्थाने येते. शेवटच्या पाण्याला विसळणे म्हटले आहे.

बहुतेक जण दोष दिसला की चित्राकडे पाहत बसतात. पाहायचे असते ते काठाकडे. ३५ मिमी फिल्मच्या काठावर, छिद्रांच्या बाहेरच्या अरुंद पट्टीत, फिल्मचे नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असतात. ते डोळ्यांना दिसू लागतात डेव्हलपरमध्ये, पण कॅमेऱ्याशी त्यांचा काही संबंध नसतो. त्यामुळे आकडे ठसठशीत काळे आणि चित्रे फिकी असतील, तर धुणे ठीक झाले, टिपतानाच प्रकाश कमी पडला. आकडेही फिके असतील, तर डेव्हलपर थकलेला, थंड किंवा कमी वेळ दिलेला. आकडे छान आणि फ्रेम साफ कोऱ्या, म्हणजे बहुधा फिल्मचे टोक कॅमेऱ्याच्या चक्रात अडकलेच नव्हते आणि सगळा रोल जागच्या जागी राहिला. आकड्यांसकट सगळीच पट्टी काचेसारखी निघाली, तर डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी ओतला गेला. या शेवटच्या प्रकाराला उपाय नाही. बाटल्यांच्या झाकणांवर मोठ्या अक्षरांत नावे लिहिणे एवढेच हाती राहते.

डेव्हलपर जिवंत आहे का, हे रंगावरून नेहमी कळत नाही. १९२७ पासून वापरात असलेला डी-७६ बिघडताना तपकिरी पडतो, १८९१ चा रोडिनल गडद होऊनही उत्तम काम देतो, तर एक्सटॉल पाण्यासारखा स्वच्छ दिसतानाच दगा देऊ शकतो. म्हणून रोलच्या टोकाचा कापलेला तुकडा उजेडातच डेव्हलपरमध्ये बुडवावा. काही मिनिटांत तो काळाकुट्ट झाला नाही, तर बाटली मोरीत रिकामी करावी.

धुरकटपणालाही तीच कसोटी लागते. काळेपणा फ्रेमच्या चौकटीतच थांबला असेल, तर संशय शटर किंवा बेलोजवर (लेन्स आणि कॅमेरा जोडणाऱ्या घडीच्या भात्यावर). चौकट ओलांडून छिद्रांपर्यंत पसरला असेल, तर कॅमेऱ्याच्या मागच्या दारावर. जुन्या कॅमेऱ्यांच्या दाराच्या खाचेतला फोम चिकट होऊन झडतो आणि उजेड आत शिरतो. पुष्कळ टँकांत मधली नळी प्रकाश अडवण्याचे काम करते. ती बसवायची राहिली तर झाकण घट्ट असूनही फिल्म काळवंडते.

सर्वात फसवे दोष टँकमधले. ठरावीक अंतराने, अगदी छिद्रांच्या समोरून, चित्रातल्या आकाशात घुसलेले गडद पट्टे दिसले, तर टँक फार जोरात आणि एकाच लयीत हलवला गेला आहे. छिद्रांतून डेव्हलपरचा झोत जातो आणि तेवढ्या भागावर ताजे द्रावण जास्त पोचते. टँक उलटा-सुलटा करताना दर वेळी थोडा फिरवावा. दर मिनिटाला सुरुवातीच्या दहा सेकंदांत चार वेळा उलटवणे बहुतेक फिल्मना पुरते. पारदर्शक, नेमके गोल ठिपके हे फिल्मला चिकटलेल्या हवेच्या बुडबुड्यांचे. डेव्हलपर ओतल्यावर टँक ओट्यावर दोन-तीनदा आपटला की ते सुटतात. वेड्यावाकड्या आकाराचे पारदर्शक ठिपके मात्र कॅमेऱ्यातल्या धुळीचे. फिल्मच्या एका काठाने लांबच लांब फिका पट्टा गेला असेल, तर द्रावण कमी होते किंवा दोन रिळांच्या (फिल्म गुंडाळायच्या चकत्यांच्या) टँकमधले एकटे रीळ हलवताना वर सरकले. चंद्रकोरीसारखा डाग अंधारात रीळ भरताना फिल्मला पडलेल्या मुरडीचा. आणि एखाद्या वेटोळ्यावर दुधाळ, आकारहीन ठिगळ दिसले, तर तिथे दोन थर एकमेकांना चिकटले होते.

महाराष्ट्रात या यादीत हवामानाची भर पडते. डेव्हलपरच्या तक्त्यांतल्या वेळा बहुधा २० अंश सेल्सिअससाठी असतात आणि मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी सहज ३० च्या पुढे जाते. २० अंशांना ८ मिनिटे लागत असतील, तर २४ ला साधारण साडेपाच पुरतात. त्याहून गरम द्रावणात वेळ इतका आखडतो की डेव्हलपर ओतेपर्यंतच असमानता येते. डेव्हलपरमध्ये बर्फ टाकू नये, तो पातळ होतो. बर्फाच्या बादलीत बाटल्या ठेवाव्यात, आणि विसळण्याचे पाणीसुद्धा त्याच तापमानाच्या आसपास आणावे. थंड द्रावणातून एकदम गरम पाण्यात गेलेली फिल्मवरची जिलेटिनची साय, म्हणजे चित्र धरणारा थर, सुरकुतते. आजच्या फिल्म याबाबत बऱ्याच दणकट आहेत, तरी दाणा भरड होऊ शकतो. पावसाळ्यात तक्रार वेगळी: प्लास्टिकचे रीळ पुरते कोरडे नसले की फिल्म अर्ध्यात अडते, चेंजिंग बॅगेत (अंधारात रीळ भरायच्या काळ्या पिशवीत) घामेजलेले हात ती आत ढकलू पाहतात, आणि ठसे कायमचे राहतात.

फिक्सरचे दोष त्या मानाने दयाळू. फिल्म दुधाळ दिसली तर चांदीचे क्षार पूर्ण विरघळलेले नाहीत. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा टाकली, अगदी दिवसाउजेडीही, तरी ती निवळते. टी-मॅक्स, डेल्टा यांसारख्या फिल्म फिक्सर लवकर संपवतात. न धुतलेल्या तुकड्यावर फिक्सरचा एक थेंब टाकून तो किती वेळात पारदर्शक होतो ते पाहावे आणि त्याच्या निदान दुप्पट वेळ द्यावा. पारदर्शक होण्याचा वेळ ताज्या फिक्सरपेक्षा दुप्पट झाला की ते फेकावे. उरलेली गुलाबी-जांभळी झाक फिल्ममधल्या रंगद्रव्याची असते. ती नीट फिक्स करून भरपूर विसळले की बहुधा जाते आणि थोडी राहिली तरी चित्राचे बिघडत नाही.

वाळल्यावर चमकत्या बाजूवर दिसणारी पांढरी वर्तुळे जड पाण्याची, विशेषतः बोअरवेलच्या. पुन्हा भिजवून, डिस्टिल्ड वॉटरमध्ये वेटिंग एजंटचे (पाणी फिल्मवरून थेंब न धरता ओघळू देणाऱ्या द्रवाचे) काही थेंब घालून वाळवले की ती जातात. लांब सरळ रेघ मात्र कॅसेटच्या मखमली ओठात अडकलेल्या कणाची असते आणि ती जिलेटिनच्या बाजूला असेल, तर प्रिंटवर हाताने भरावी लागते. जास्त गडद झालेली निगेटिव्ह फार्मर्स रिड्यूसरने, म्हणजे पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपोच्या (सोडियम थायोसल्फेटच्या) द्रावणाने, थोडी उजळता येते. ते एका फालतू फ्रेमवर करून पाहावे, कारण हे द्रावण चित्रातल्या सावल्या, म्हणजे निगेटिव्हचे फिके भाग, आधी खाते.