आगमनकाळ

नाताळाआधीच्या चार रविवारांचा ख्रिस्ती उपासनाकाळ. ३० नोव्हेंबरला, म्हणजे संत आंद्रियाच्या सणाला, जो रविवार सर्वांत जवळचा असेल त्या दिवशी तो सुरू होतो आणि २४ डिसेंबरच्या संध्याकाळी संपतो. त्यामुळे तो कधी २२ दिवसांचा, तर कधी २८ दिवसांचा भरतो. चौथा रविवार २४ तारखेलाच आला (२०२३ मध्ये आला होता, २०२८ मध्ये पुन्हा येईल) की सकाळी आगमनाची आणि रात्री नाताळाची अशा दोन उपासना एकाच दिवशी येतात.

खानदेशातील कॅथलिक मंडळी नाशिक धर्मप्रांतात मोडतात आणि हा काळ काटेकोर पाळतात. नवापूर-नंदुरबार पट्ट्यात मिशनच्या कामातून उभ्या राहिलेल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत नियम सैल असतात. तिथे भर वचन आणि गायनावर असतो.

शांती आणि आनंद हे या काळाचे दोन मुख्य शब्द. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत मेंढपाळांना ‘मोठ्या आनंदाची’ वार्ता सांगतात आणि पृथ्वीवर शांती असो असे गातात. तोच अध्याय रोमन सम्राट औगुस्त कैसराच्या शिरगणतीच्या हुकमाने सुरू होतो. याच औगुस्ताच्या नावाने रोममध्ये इ. स. पू. ९ मध्ये शांतीची वेदी अर्पण झाली होती. ती शांती फौजेच्या जोरावरची होती. बायबलमागच्या हिब्रू परंपरेत ‘शालोम’ म्हणजे मोडलेले नाते सांधले जाणे, आधी देवाशी आणि मग माणसांशी. म्हणून कॅथलिक या काळात पापनिवेदन करतात, म्हणजे धर्मगुरूपाशी आपली पापे कबूल करतात. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे, भावाचे आपल्याविरुद्ध काही असेल तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी समेट करायचा. बांधावरून किंवा पाण्याच्या पाळीवरून बोलणे बंद झाले असेल, तर ते २४ तारखेच्या आत सुरू करावे. त्या रात्रीच्या गर्दीत हे काम होत नाही.

आनंदाचा रविवार तिसरा. त्याचे लॅटिन नाव ‘गौदेते’, म्हणजे ‘आनंद करा’. ते फिलिप्पैकरांस पत्र ४:४ वरून आले. पौलाने हे पत्र कैदेतून लिहिले, त्यामुळे इथला आनंद सुगीवर किंवा कापसाच्या भावावर टांगलेला नाही. कॅथलिक मिस्सात, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, देवदूतांचे गौरवगीत आगमनाच्या रविवारी गात नाहीत. ते नाताळाच्या रात्री पुन्हा सुरू होते. चार आठवडे न ऐकल्यावर ते वेगळेच कानी पडते.

मेणबत्त्यांचे चक्र हॅम्बुर्गच्या योहान व्हिखर्नने १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर केले, असे मानतात. आज तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी अशा चार मेणबत्त्या असतात, दर रविवारी एक जास्त लावतात. अनेक मंडळ्या त्यांना आशा, शांती, आनंद, प्रीती असे अर्थ देतात. हा क्रम सगळीकडे सारखा नसतो. गुलाबी मिळाली नाही तर पांढऱ्या मेणबत्तीच्या बुडाशी गुलाबी फीत बांधतात. परातीत तीन बोटे ओली वाळू भरून अंगठ्याएवढ्या जाड मेणबत्त्या वीतभर अंतराने रोवाव्यात. भोवती अशोकाची पाने लावल्यास ती दर तीन-चार दिवसांनी बदलावीत. डिसेंबरच्या कोरड्या हवेत ती वाळून पेट घेतात. पहिली मेणबत्ती चारही आठवडे जळते, म्हणून एका वेळी पंधरा-वीस मिनिटेच लावावी, नाहीतर तिसऱ्या रविवारीच ती संपते.

घरच्या वाचनासाठी लूक सोयीचा. त्याचे २४ अध्याय १ डिसेंबरपासून रोज एक वाचले की २४ तारखेला पूर्ण होतात. जन्मकथा दुसऱ्याच दिवशी संपते आणि नाताळाच्या आदल्या दिवशी पुनरुत्थान येते, अशी तक्रार होते. खरे तर गव्हाण आणि क्रूस एकत्र वाचायला मिळणे हाच या पद्धतीचा लाभ. ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबांना दुसऱ्या अध्यायातला मरिया-योसेफाचा प्रवास आणि त्यांना जागा न मिळणे समजावून सांगावे लागत नाही.

येशूच्या जन्माचा, म्हणजे गव्हाणीचा देखावा तिसऱ्या आठवड्यापर्यंत मांडतात. नवापूरकडे भाताचा पेंढा असतो. इतरत्र ज्वारीचा कडबा बारीक कापून घालावा, अख्खा घातल्यास मूर्ती तिरक्या होतात. दिव्याची माळ पेंढ्याखालून नेऊ नये. बाळाची मूर्ती २४ च्या रात्रीच ठेवतात, तोवर गव्हाण रिकामी असते. बाळाच्या दर्शनाला पूर्वेकडून येणाऱ्या ज्ञानी लोकांच्या मूर्ती सुरुवातीला दूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या करून रोज थोड्या पुढे सरकवतात. त्या ६ जानेवारीला पोहोचतात.