डिफरन्शिअलचे नवे गिअर रुळवणे

मागच्या ॲक्सलमधल्या डिफरन्शिअलमध्ये नवे क्राउन-पिनियन (इंजिनाकडून आलेला जोर चाकांकडे वळवणारी मोठ्या आणि छोट्या गिअरची जोडी) बसवल्यावर दात एकमेकांवर नीट बसेपर्यंत गाडी हलक्या भाराने आणि मध्ये मध्ये थांबवून, गार करत चालवण्याची पद्धत. मागच्या चाकांना जोर देणाऱ्या पिकअप, मिनी ट्रक आणि काळी-पिवळी जीप अशा गाड्यांना ती लागू आहे. ट्रॅक्टरची रचना आणि तेल दोन्ही वेगळे असल्याने त्याला हे आकडे लावू नयेत.

या गाड्यांतले क्राउन-पिनियन बहुतेक हायपॉइड जातीचे असतात. पिनियन क्राउनच्या मध्यरेषेपेक्षा खाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासतही जातात. नव्या दातांवरचे सूक्ष्म उंचवटे झिजून गुळगुळीत होईपर्यंत हे घर्षण जास्त असते आणि उष्णता वाढते. दाताचा वरचा थर उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेला असतो. तो प्रमाणाबाहेर तापला की मऊ पडतो, आणि एकदा मऊ पडलेला दात गार झाल्यावर पुन्हा कडक होत नाही. म्हणून रुळवताना किलोमीटरपेक्षा गार होण्याला महत्त्व आहे.

फिटिंग चुकले असेल तर रुळवून काही साधत नाही. क्राउन आणि पिनियन कारखान्यातच जोडीने घासून जुळवलेले असतात. दोघांवरचा जोडीचा नंबर एकच असावा, एकटा पिनियन बदलू नये. दातांना शेंदूर तेलात कालवून लावतात आणि क्राउन फिरवून खूण पाहतात. ती दाताच्या साधारण मध्यावर यावी, टोकाला किंवा काठाला नको. बॅकलॅश, म्हणजे दोघांच्या दातांमधली मोकळी फट, डायल गेजने मोजावा. हलक्या गाड्यांत तो बहुधा ०.१५ ते ०.२० मिमीच्या आसपास असतो, पण नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातलाच धरावा. हाताने हलवून ‘बरोबर आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून गेज लावून घेण्याचा आग्रह धरणे परवडते.

तेलात घोळ होतो तो दुकानात. ‘नव्वद नंबर’ (हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा) मागितले की जीएल-४ आणि जीएल-५ या दोन्ही दर्जांचे तेल मिळते. हायपॉइड दातांना जीएल-५ लागते, त्यामुळे डबा वाचूनच घ्यावा. गाडी सपाट जागी उभी करून तेल भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरावे.

पहिली फेरी २५ ते ३० किमीची, रिकाम्या गाडीने. वेग ५० ते ६० किमीच्या आत ठेवावा, पण एकसारखा नको. ॲक्सिलेटर मधूनच सोडून गाडी गिअरमध्येच मंदावू द्यावी, म्हणजे दाताची दुसरी बाजूही घासली जाते. मग हाउसिंग (गिअरवरचे बाहेरचे कवच) हाताला गार लागेपर्यंत थांबावे. हिवाळ्यात अर्धा तास पुरतो, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ असताना तासभरही कमी पडतो, म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे उरकावे. अशा तीन फेऱ्या कराव्यात. फेरीनंतर हाउसिंगवर पाण्याचा थेंब टाकावा. तो चर्रकन उडून गेला तर तापमान शंभर अंशांवर आहे, पुढची फेरी न करता तेल आणि बेरिंगचा ताण (ते किती घट्ट आवळले आहे) तपासावा.

त्यानंतर पहिले ८०० किमी पूर्ण भार, ट्रॉली ओढणे आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढण्यासारखे घाट टाळावेत. खरी अडचण इथेच येते. डिफरन्शिअल उघडायची वेळ बहुधा कापसाच्या किंवा संत्र्याच्या हंगामात येते, आणि गाडी गॅरेजबाहेर पडली की दुसऱ्याच दिवशी तिच्यात जिनिंगचा माल भरलेला असतो. भार टाळता येत नसेल तर निदान अर्धाच भरावा आणि २५ किमीवर थांबवून गार करावी.

पावसाळ्यात काळ्या मातीत एक चाक रुतून दुसरे गरगर फिरत असेल तर ॲक्सिलेटर दाबत राहू नये. एक चाक थांबलेले असताना फिरणारे चाक क्राउनच्या दुप्पट वेगाने फिरते आणि मधले छोटे गिअर आपल्या पिनवर जोरात घासतात. नव्या जोडीत तेवढ्यात पिन करपते. चाकाखाली तुऱ्हाट्या घालून गाडी ओढून काढणे बरे. जॅकवर चाके फिरवणे हे रुळवणे नव्हे, त्यात दातांवर भारच पडत नाही. चिखलाने ब्रीदर (हाउसिंगमधली हवा बाहेर सोडणारे तोंड) बुजला तर आत दाब वाढून तेल सीलमधून ब्रेक लायनरवर जाते, म्हणून तो साफ ठेवावा.

८०० किमीला तेल बदलावे. प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी चिकट लेप दिसणे साहजिक आहे, पण नखाला अडकणारी कपची दिसली तर हाउसिंग उघडायलाच हवे. ॲक्सिलेटर रेटताना येणारा आणि सोडल्यावर बंद होणारा घुमणारा आवाज बहुधा दातांच्या जुळणीचा असतो. दोन्ही वेळा एकसारखी घरघर आली तर बेरिंगवर संशय घ्यावा. गाडी निघताना खणकन धक्का बसत असेल तर बॅकलॅश जास्त असू शकतो, पण त्याआधी जॉइंट शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जोर नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस हलवून पाहावेत.