एएफके खेळाडू आणि त्यांचा बंदोबस्त

टीम गेममध्ये मॅच चालू आहे, बाकीचे जीव तोडून खेळतायत आणि एकाचं कॅरेक्टर मात्र सुरुवातीच्या जागेवरच उभंय, ना हलतंय ना मारतंय, अशा खेळाडूला एएफके (अवे फ्रॉम कीबोर्ड, म्हणजे कीबोर्डपासून लांब) म्हणतात. मॅच अर्धवट टाकून जाणारा लीव्हर हा त्याचाच भाऊबंद, गेम कंपन्या बहुतेक वेळा दोघांना एकाच नियमात धरतात. पाच विरुद्ध पाचच्या गेममध्ये एक जण असा गेला की हिशेबाने पाचवा हिस्सा ताकद कमी व्हायला हवी, पण जाते त्याहून जास्त, कारण लीग ऑफ लेजेंड्समध्ये त्याची लेन (समोरच्याच्या तळाकडे जाणारी वाट) मोकळी पडते आणि तिथले टॉवर फुकटात जातात, काउंटर-स्ट्राइकमध्ये एखादी बॉम्बसाइट (बॉम्ब लावायची जागा) सांभाळायला माणूसच उरत नाही, आणि उरलेले चौघं खेळायचं सोडून चॅटमध्ये शिव्या घालत बसतात ते वेगळंच.

खरी अडचण ओळखण्याची आहे. लाईट गेली, नेट गेलं, दारात सिलिंडरवाला आला, दोनदा मेला म्हणून चिडून माऊस सोडला, किंवा न खेळताच बक्षीस मिळतंय म्हणून मुद्दाम उभा राहिला, यातलं काय झालंय ते सर्व्हरला कळत नाही, त्याला दिसतं फक्त एवढंच की या माणसाकडून काही येत नाहीये. त्यामुळे किती मिनिटं हलला नाही, कनेक्शन किती वेळ तुटलं होतं असल्या बाहेरच्या खुणांवरच सगळे नियम उभे असतात, आणि खूण कोणती ते एकदा समजलं की लोक पळवाट काढतातच.

याचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधलं. २००५ साली त्यात बॅटलग्राउंड (दोन बाजूंच्या लढाईची मैदानं) आली, त्यातलं अल्टेरॅक व्हॅली ४० विरुद्ध ४० चं, आणि ऑनर पॉइंट लढणाऱ्याला तसे नुसत्या हजर असणाऱ्यालाही मिळायचे, त्यामुळे बरेच जण सुरुवातीच्या गुहेतच उभे राहून पॉइंट जमवायचे. बराच वेळ काही केलं नाही की गेम आपोआप बाहेर काढायचा, तर लोकांनी मधूनमधून उडी मारणारे छोटे प्रोग्राम लावले. मग गेम बनवणाऱ्या ब्लिझार्डने टीममधल्यांनाच रिपोर्ट करायची सोय दिली, पुरेसे रिपोर्ट आले की त्या खेळाडूवर शिक्का बसायचा आणि ठरावीक वेळात तो लढाईत उतरला नाही तर त्याचे पॉइंट बंद. झालं, एक फटका मारायचा, शिक्का पुसायचा आणि परत गुहेत. टीम फोर्ट्रेस २ मध्ये २००९ साली खेळताना आपोआप वस्तू मिळायला लागल्या तेव्हाही हेच, लोकांनी गेम नुसता चालू ठेवणारे प्रोग्राम वापरले. गेमची कंपनी वाल्व्हने त्या वस्तू काढून घेतल्या आणि ज्यांनी असं काही केलं नव्हतं त्यांना डोक्यावर तेजोवलय वाटली. शिक्षा देताना सरळ वागणाऱ्यांना काहीतरी देणं इतकं क्वचित घडतं की हा किस्सा लोक अजून सांगतात.

आजकाल शिक्षेचा नेहमीचा प्रकार म्हणजे वाट बघायला लावणं. काउंटर-स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये मॅच सोडली की पहिल्यांदा ३० मिनिटं, मग २ तास, मग २४ तास आणि मग ७ दिवस अशी चढती बंदी होती. डोटा २ जास्त कडक आहे, एकूण ५ मिनिटं डिस्कनेक्ट राहिलात तर अबँडन (मॅच सोडून गेल्याची नोंद), आणि नेट चालू ठेवून नुसते बेसमध्ये उभे राहिलात तरी सुटका नाही कारण बराच वेळ अनुभवाचे पॉइंट मिळाले नाहीत तरी तो अबँडनच धरतात. असे अबँडन साठले की लो प्रायॉरिटीत रवानगी, तिथे एकच मोड खेळता येतो आणि नुसत्या मॅच खेळून भागत नाही, ठरलेल्या संख्येने जिंकाव्या लागतात, आणि टीममेट कोण, तर आपल्यासारखेच शिक्षा झालेले.

पण शिक्षा कितीही द्या, चालू मॅचमध्ये अडकलेल्या चौघांना त्याचा काडीचा उपयोग नाही, आणि माझ्या मते एखाद्या गेमची व्यवस्था चांगली की वाईट हे त्याच चौघांना काय मिळतं यावर ठरवावं. लीग ऑफ लेजेंड्स आणि व्हॅलोरंट या रायटच्या दोन्ही गेममध्ये कोणी सुरुवातीलाच गायब असेल तर रीमेकसाठी मत देता येतं, मॅच रद्द होते आणि राहिलेल्यांचं नुकसान होत नाही. मॅच पुढे गेल्यावर कोणी गेलं तर लीगमध्ये हरलेल्यांचे रँकचे पॉइंट कमी कापतात, पण पळून गेलेल्याबरोबर एकत्र गट (पार्टी) करून आलेल्या त्याच्या दोस्तांना ही सूट नाही, नाहीतर हरायला लागलं की एकाला बळी देऊन बाकीचे वाचले असते. डोटामध्ये अबँडन झालेल्याचं सोनं बाकीच्यांत वाटलं जातं आणि त्यांना शिक्षेविना बाहेर पडता येतं. शिवाय डोटात साध्या मॅचलाही पॉज आहे, समोरच्या टीमचं नेट गेलं तर थांबून त्यांची वाट बघणारे लोक मी बघितलेत, लगेच पॉज काढून मारायला सुटणारेही बघितलेत. काउंटर-स्ट्राइकमध्ये आधी गेलेल्याच्या जागी बॉट (कॉम्प्युटर चालवतो तो खेळाडू) यायचा, डोक्याने मठ्ठ, पण आपण मेलो की त्याचा ताबा घेऊन अजून एक जीव वापरता यायचा, म्हणून लोक त्याच्यावर खूश होते. २०२० च्या शेवटी कॉम्पिटिटिव्हमधले बॉट काढले आणि त्याऐवजी कमी माणसांच्या टीमला गेममधले जादा पैसे द्यायला सुरुवात केली. ओव्हरवॉचच्या क्विक प्लेमध्ये मधूनच नवीन माणूस आणून बसवतात, बिचारा येतो तेव्हा बऱ्याचदा हरत आलेली मॅच असते.

व्होटकिक म्हणजे मतं टाकून बाहेर काढणं, ऐकायला लोकशाही पण चार मित्र आणि एक रँडम (अनोळखी) असेल तर तो रँडम चांगला खेळत असूनही गंमत म्हणून जिंकायच्या तोंडावर हाकलला जातो, म्हणून सारखं किक करणाऱ्यांनाही बंदी घालायची वेळ आली.

आपल्याकडे बहुतेक गेमिंग मोबाईलवर, तिथे एएफकेचं एक नंबरचं कारण फोन येणं. कॉल घेतला की गेम मागे जातो, रॅम कमी असेल तर बंदच पडतो, परत उघडेपर्यंत स्क्वॉड संपलेला. पबजी मोबाईलच्या घराण्यात यासाठी मेरिटचे गुण असतात, १०० पैकी, मॅच सोडली की कमी होणार, पण घरून आलेला फोन न घेणं जास्त महाग पडतं हे त्या गुणांना कुठून कळणार. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे खरा, पण गावाकडे पावसाळ्यात लाईट गेल्यावर तो तरी काय करणार.

क्लॅश ऑफ क्लॅन्सचं दुखणं निराळं, तिथे माणूस दिवसच्या दिवस गायब असतो. क्लॅनमध्ये (खेळाडूंच्या गटात) जास्तीत जास्त ५० जण, वॉरच्या (दोन क्लॅनमधल्या लढाईच्या) बॅटल डेला २४ तास आणि प्रत्येकाला २ अटॅक, तरी कोणाचे ना कोणाचे अटॅक राहतातच, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर 'भावा अटॅक मार ना' चालू होतं. प्रोफाइलवर वॉरसाठी हिरवी-लाल पसंती (हिरवी म्हणजे घ्या, लाल म्हणजे नको) ठेवता येते, पण लाल करायला तरी गेम उघडायला हवा ना. लीडर, को-लीडर आणि एल्डर किक मारू शकतात, मात्र चालू वॉरमध्ये मारली तर त्याचा बेस नकाशावर तसाच राहतो आणि त्याचे उरलेले अटॅक वाया जातात, म्हणून शहाणे लीडर वॉर संपेपर्यंत गप्प बसतात. २०१८ मध्ये वॉर लीग आली, ७ दिवस, रोज एकच अटॅक, त्यात सगळ्यांना मिळतात त्यापलीकडचे बोनस मेडल कोणाला द्यायचे ते लीडर ठरवतो, आणि अटॅक बुडवणाऱ्याला ते बहुतेक क्लॅनमध्ये मिळत नाहीत, अर्थात लीडरचा चुलतभाऊ नसेल तर.