बालकांमधील श्वसनमार्ग संसर्ग

नाकापासून फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंतच्या मार्गात जंतूंची लागण होऊन लहान मुलांना होणारे विकार. पडसे व घसा-कानाचे दुखणे ऊर्ध्व मार्गाचे. सूक्ष्म श्वासनलिकादाह व न्यूमोनिया अधोमार्गाचे. बहुतेक लागण विषाणूंची असते. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा पडसे होणे प्राकृतच धरतात. दोन वर्षांखालील सूक्ष्म श्वासनलिकादाहात आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस) हा विषाणू प्रमुख, तर गंभीर न्यूमोनियात न्यूमोकॉकस व हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा प्रकार बी) हे जीवाणू.

तान्ह्याची श्वासनळी जेमतेम ४ मिमी. व्यासाची. अस्तराला सभोवार १ मिमी. सूज आली, तरी पोकळीचे क्षेत्रफळ चौथाईवर येते व हवेचा रोध तत्त्वतः १६ पट होतो. बरगड्या आडव्या असल्याने छाती फारशी फुलत नाही. भार श्वासपटलावर (छाती व पोट यांमधील स्नायूंच्या पडद्यावर) पडतो आणि ‘पोट उडते’.

गंभीर प्रकाराला जुन्या मराठीत ‘डबा’ म्हणत. आयुर्वेदाच्या उत्तरकालीन ग्रंथांतील उत्फुल्लिका तीच, असे वैद्य मानतात. तिच्या वर्णनात उजवी कूस वाताने फुगणे, श्वास (धाप) व सूज ही लक्षणे येतात. कुशीवरून हा यकृताचा विकार वाटतो. परंतु श्वास लागलेल्या बाळाची फुप्फुसे हवेने फुगून श्वासपटल खाली सरकते व निरोगी यकृतही बरगडीखाली हाताला लागते. त्यामुळे न्यूमोनियाचे मत अधिक ग्राह्य दिसते. अर्थात एकाच नावाखाली अनेक दुखणी गेली असावीत. पोटावर डाग देण्याची घातक चाल (मेळघाटात ‘डंबा’) बहुधा विकार पोटात आहे, या समजुतीतून आली.

कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा-राधानगरीकडे पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद आणि चूल घरातच, अशी स्थिती असते. पुढे ऊसहंगामात गुऱ्हाळाचे चुलवण, शेतात पेटवलेले पाचट, ऊसतोड मजुरांच्या दाटीच्या कोपी (झोपड्या). बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी आणि ओवा-बाळंतशोपांची धुरी यांचाही विचार व्हायला हवा. धूर स्वतः लागण करत नाही. तो श्वासमार्गातील सूक्ष्म केसांची झाडलोट मंदावतो.

निदान मुख्यतः श्वास मोजून होते. अंगडे वर करून, बाळ रडत नसताना, पूर्ण एक मिनिट मोजतात. दोन महिन्यांखाली ६०, वर्षापर्यंत ५० व पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास धोक्याचे. छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, दूध न ओढणे, ओठ निळसर पडणे ही तातडीची लक्षणे. डॉक्टर दांपत्य अभय व राणी बंग यांच्या गडचिरोलीतील कामातून प्रशिक्षित गावकरीही ही मोजणी व उपचार करू शकतात, हे १९९० मध्ये पुढे आले.

न्यूमोकॉकसची लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात देतात. हिबची लस पंचगुणी (पेंटाव्हॅलेंट) या एकत्रित लशीत असते. विषाणूजन्य पडशावर प्रतिजैविके निरुपयोगी.