संशयित प्रियकर आणि शोध घेणारी मुलगी : एका कादंबरी-प्रकाराची पार्श्वभूमी

इंग्रजी प्रकाशक ज्यांना 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणतात त्या, म्हणजे किशोरवयीन वाचकांसाठीच्या कादंबऱ्यांवर, विशेषतः रहस्य, प्रेम आणि खंबीर नायिका असा तिहेरी मसाला असलेल्यांवर, मतं मांडताना तीन तक्रारी हमखास येतात. रहस्य जमलंय, पण मध्येच हे प्रेमप्रकरण कशाला? जोडी छान आहे, पण गुन्हेगार कोण ते निम्म्यातच कळलं. आणि नायिका एवढी खंबीर, तर शेवटी तिला सोडवायला तो का धावून येतो? यातली एकही तक्रार नवी नाही. पहिली मोठी थट्टा अठराव्या शतकाच्या अखेरीसच लिहून झाली होती.

1794 साली अ‍ॅन रॅडक्लिफची 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' चार खंडांत आली. प्रकाशकाने तिला 500 पौंड दिले, त्या काळच्या मानाने घसघशीत रक्कम. अनाथ एमिली इटलीतल्या डोंगरी किल्ल्यात अडकते, आत्येचा नवरा मोंटोनी तिच्या मालमत्तेवर टपलेला असतो, आणि ती बराच काळ सही द्यायला नकार देते. किल्ल्यात एका काळ्या पडद्याआड ती काहीतरी पाहते आणि बेशुद्ध पडते. काय पाहिलं, हे मात्र वाचकाला कादंबरी संपत आल्यावर कळतं : मेणाचा पुतळा! नायिकेला माहीत असलेली गोष्ट वाचकापासून दडवून उत्कंठा ताणायची ही युक्ती आजच्या प्रथमपुरुषी थरारकादंबऱ्यांतही सर्रास वापरली जाते आणि तेव्हासारखीच वाचकाला चिडवते.

जेन ऑस्टिनने 1798-99 मध्ये 'नॉर्थँगर अ‍ॅबी' लिहून याच प्रकाराची फिरकी घेतली. सतरा वर्षांची कॅथरीन पाहुणी म्हणून गेलेल्या घरात मध्यरात्री काळं कपाट उघडते, कागदांची गुंडाळी हाती लागते, तेवढ्यात मेणबत्ती विझते. सकाळी पाहते तर धोब्याची बिलं. हस्तलिखित 1803 मध्ये 10 पौंडांना विकलं गेलं, पण विकत घेणाऱ्याने ते छापलंच नाही. पुस्तक आलं ते ऑस्टिनच्या मृत्यूनंतर, 1817 च्या अखेरीस. या थट्टेत एक खोच आहे. यजमानाने बायकोचा खून केला असा कॅथरीनचा संशय खोटा ठरतो, पण माणूस दुष्टच निघतो. ती श्रीमंत नाही हे कळताच तो तिला घराबाहेर काढतो आणि सत्तर मैलांचा प्रवास तिला एकटीने करावा लागतो. घरातल्या पुरुषाबद्दल मुलीला येणारी शंका अगदीच वेडगळ नसते, एवढं ऑस्टिनने मान्य केलं होतं.

पुढच्या सगळ्या प्रकाराचा साचा पडला तो 1847 च्या 'जेन एअर'मध्ये. अठरा वर्षांची शिक्षिका, मोठं घर, वरच्या मजल्यावरून येणारं हसणं, रात्री पेटलेला बिछाना, आणि ज्याच्यावर प्रेम जडतं त्या घरमालक रॉचेस्टरकडेच या सगळ्याचं उत्तर. कादंबरीची प्रकरणं 38. लग्न मोडतं सव्विसाव्यात, सत्ताविसाव्यात जेन घर सोडून जाते. म्हणजे रहस्य (वरच्या मजल्यावर कोंडलेली त्याची पहिली बायको) फुटल्यावरही जवळजवळ एक तृतीयांश पुस्तक शिल्लक राहतं. ते कशासाठी? नायिकेला स्वतःच्या पायावर उभं करण्यासाठी. तिला 20,000 पौंडांचा वारसा मिळतो, तो ती चौघांत सारखा वाटते, आणि स्वतःचे 5,000 पौंड गाठीला असताना रॉचेस्टरकडे परतते. आजच्या संपादकाला हा भाग लांबलेला वाटेल, पण तो कापला तर परतीचा अर्थच बदलतो : जेन निवड करून आली की नाइलाजाने, हे वाचकाला ठरवताच येणार नाही.

1960 च्या दशकात अमेरिकेत याच साच्याच्या स्वस्त पेपरबॅकचा पूर आला. मुखपृष्ठ ठरलेलं : रात्र, मागे वाडा, एका खिडकीत दिवा, पुढे झिरझिरीत कपड्यांत पळणारी तरुणी. लेखिका-समीक्षक जोआना रस हिने 1973 मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा मथितार्थ, 'कुणीतरी माझ्या जिवावर उठलंय आणि मला वाटतं तो माझा नवराच आहे', इतका नेमका की वेगळं विश्लेषण करायला नको.

दुसरा प्रवाह होता मुलींसाठीच्या शोधकथांचा. 28 एप्रिल 1930 रोजी नॅन्सी ड्र्यूची पहिली तीन पुस्तकं एकदम बाजारात आली. कल्पना मुलांच्या पुस्तकमालिका काढणाऱ्या एडवर्ड स्ट्रेटमेयरची. तो मांडणी लिहून द्यायचा आणि मिल्ड्रेड वर्ट बेन्सनसारखे लेखक एका पुस्तकामागे साधारण 125 डॉलर घेऊन, सगळे हक्क सोडून मजकूर लिहायचे. मुखपृष्ठावर कॅरोलिन कीन हे कुणाचंच नसलेलं नाव.

पहिल्या पुस्तकात सोळा वर्षांची नॅन्सी तळ्याकाठच्या बंगल्यात चोरांच्या हाती सापडते आणि कपाटात कोंडली जाते. ती आतला दांडा काढून दार उचकटायला बघते. शेवटी बाहेर काढतो तो राखणदार. पण त्यानंतर ती घरी जात नाही. चोरांचा माग काढते आणि त्यांच्या व्हॅनमधून हवं ते घड्याळ, ज्यात हरवलेल्या मृत्युपत्राचा माग दडलाय, स्वतः काढून घेते. सुटकेला मदत मिळाली तरी चालते, पुढचं पाऊल कुणाच्या डोक्यातून निघालं ते मोजायचं, हा निकष इथे स्वच्छ दिसतो. खंबीरपणा मारामारीत शोधणारे समीक्षक नेमके इथेच चुकतात.

प्रियकर नेड निकर्सन आला सातव्या पुस्तकात, 1932 मध्ये, आणि कायम दुय्यम राहिला. 1959 पासून जुनी पुस्तकं पुन्हा लिहिली गेली : 25 प्रकरणांची 20 झाली, नॅन्सी सोळाची अठराची झाली, वर्णद्वेषी चित्रणं निघाली. ते व्हायलाच हवं होतं. पण त्याच हाताने तिचा फटकळपणाही पुसला गेला, म्हणून मूळ आवृत्तीचे चाहते आजही कुरकुरतात. (मराठीत याच वयाच्या वाचकांचा लाडका फुरसुंगीचा फास्टर फेणे. तो शाळकरी, त्यामुळे प्रेमाचा प्रश्नच नव्हता. तिहेरी मिश्रण मराठी वाचकाला भेटलं ते बहुतेक इंग्रजी पुस्तकांतूनच.)

दोन प्रवाह एकत्र आले 1970 च्या दशकात. लोइस डंकनच्या 1973 च्या 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर'मध्ये ज्युलीच्या आयुष्यात नव्याने आलेला तरुणच सूड उगवणारा निघतो. वाड्यातला संशयित नवरा कॉलेजवयीन मित्र झाला, आणि धोका थेट घराच्या दारात आला. ज्युलीला वाचवतो मात्र जुना मित्र, म्हणजे तिसरी तक्रार कायमच. जोन लोअरी निक्सनने याच वाचकवर्गासाठी रहस्यं लिहून रहस्यकथांसाठी दिले जाणारे चार एडगर पुरस्कार मिळवले. 1989 पासून त्या पुरस्कारांत यंग अ‍ॅडल्ट असा स्वतंत्र विभागच सुरू झाला.

2005 च्या 'ट्वायलाइट'ने प्रेम पुढे आणून धोका त्याच्या सावलीत ठेवला, तर 2008 च्या 'द हंगर गेम्स'ने नेमकं उलट केलं. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की इथे एवढं पुरे.

कारागिरीच्या दृष्टीने खरी अडचण आहे प्रियकराच्या संशयाची. तो संशयित असतो तोवर प्रेमप्रसंग आणि रहस्य एकाच वेळी पुढे सरकतात, कारण त्याचं प्रत्येक वाक्य दोन अर्थांनी वाचता येतं. लेखकाने त्याला लवकर निर्दोष ठरवलं, की पुढचे प्रेमप्रसंग गोष्टीला ब्रेक लावतात. वाचक तिथे पानं उलटतो आणि मग 'प्रेमप्रकरण कशाला' असं लिहितो. शेवटपर्यंत संशय ताणला, तर नायिका त्याच्याजवळ जातेच का, हे पटवावं लागतं. आणि त्याच्यावर एकदाही संशय घेतला नाही, तर मुरलेल्या वाचकाचा सगळा संशय त्याच्यावरच जातो.

दुसरी अडचण मोबाइलची. 2010 मध्ये डंकनच्या जुन्या कादंबऱ्या नव्याने निघाल्या तेव्हा तिने त्यांत मोबाइल घातले, आणि मग नेमक्या वेळी ते का चालत नाहीत याची कारणंही पुरवावी लागली. रेंज नाही, बॅटरी संपली. एकदा चालतं, दुसऱ्यांदा वाचक हसतो. हॉली जॅक्सनने 2019 च्या 'अ गुड गर्ल्स गाइड टू मर्डर'मध्ये मोबाइल टाळण्याऐवजी तपासातच ओढला. पिप ही शाळकरी मुलगी प्रकल्प म्हणून पाच वर्षांपूर्वीचं प्रकरण उकरते. मुलाखतींचे उतारे, नोंदी, मेसेज असा मजकूर मध्ये मध्ये येतो. तिच्यासोबत असतो रवी, ज्याच्या भावाला गावाने खुनी ठरवलंय. त्याचा स्वार्थ पहिल्या भेटीतच उघड असल्याने प्रेमाला घाई करावी लागत नाही. अमेरिकी आवृत्तीत हे इंग्लिश गाव कनेक्टिकटमध्ये हलवलं गेलं. गोष्ट टिकली, पण शाळेच्या प्रकल्पाचा मूळ ब्रिटिश संदर्भ गेला.

अँजेलिन बूलीची 'फायरकीपर्स डॉटर' 2021 ची. मिशिगनमधल्या ओजिब्वे या अमेरिकी आदिवासी समाजाची अठरा वर्षांची डॉनिस अमली पदार्थांच्या तपासात खबरी बनते. तिचं भांडवल म्हणजे रसायनशास्त्र आणि समाजातल्या वनौषधींचं ज्ञान. प्रियकर हॉकी खेळाडू म्हणून वावरतो, पण असतो वेषांतर केलेला तपास अधिकारी. त्यामुळे तो कधी खरं बोलतोय हे तिलाच पारखावं लागतं. पुढच्या वर्षी या पुस्तकाला किशोरसाहित्यासाठीचा प्रिन्झ आणि एडगर हे दोन्ही पुरस्कार मिळाले. शेवटी डॉनिस त्याच्यासोबत जात नाही, आणि यावर प्रेमकथेच्या वाचकांत दोन तट पडले आहेत.