रानाची बाग करायची घाई

कोल्हापुरात नदीकाठची मोकळी जमीन शहरानं उद्यानासाठी घ्यावी का, असा प्रश्न आहे. उत्तर देण्याआधी मे महिन्यात पंचगंगेच्या काठच्या काळ्या रानात नुसतं उभं राहून बघा. मी एकदा तिथल्या भेगेत उसाचं वाळलं कांडं सोडलं, हात कोपरापर्यंत आत गेला तरी तळ लागेना. ही करामत स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीची. तिचे कण म्हणजे एकावर एक रचलेले पापुद्रे. पाणी मिळालं की ते पापुद्र्यांत शिरतं आणि माती फुगते. वाळली की आकसून फाटते. वळवाची पहिली सर भेगांतून घटाघटा खाली जाते. पावसाळा लागून भेगा मिटल्या की मात्र हीच जमीन तोंड मिटून घेते. मग तासाला मिलिमीटरभर पाणी मुरलं तरी पुष्कळ.

म्हणून ‘नदीकाठची मोकळी जमीन पूर पिऊन टाकते’ हे आपल्याकडे अर्धंच खरं. ती पाण्याला बसायला जागा देते, एवढंच. पण ते ‘एवढंच’ किती, ते बघा. एका एकरावर मीटरभर पाणी उभं राहिलं तर ते भरतं ४० लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे ४०० टँकर. त्याच एकरात मीटरभर भराव टाकला की हे ४०० टँकर दुसऱ्या कुणाच्या तरी उंबऱ्याशी जाणार. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ असतात. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा महापूर. निळी पूररेषा, म्हणजे पूर कुठवर येईल ते दाखवणारी नकाशावरची रेषा, साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असं सांगतात आणि ऐकणारा पुढची २४ वर्षं निवांत होतो. खरा अर्थ असा की दरवर्षीच तसा पूर येण्याची शक्यता शंभरात चार.

शहरानं अशी जमीन उद्यानासाठी घ्यावी का? जरूर घ्यावी. माझी धास्ती वेगळीच आहे. उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लॉन, पेव्हर ब्लॉक, कारंजं आणि सेल्फी पॉइंट येतो. लॉनची मुळं वितभरही जात नाहीत आणि उन्हाळ्यात रोज पाणी मागतात. मारवेल, पवना ही आपली गवतं खोल मुळं धरतात. त्यांच्या उंच काड्यांत पुराचा वेग मोडतो, गाळ तिथंच बसतो.

आणि टिटवी. ती घरटं असं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर खळगा, चार खडे, त्यात मातीच्याच रंगाची साधारण चार अंडी. ऊन तापलं की जवळच्या पाण्यात पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस जास्त, हा जुन्या माणसांचा आडाखा. त्यावर मी पैज लावणार नाही. पण गवत कापायच्या यंत्राला ती अंडी दिसत नाहीत, यावर नक्की लावीन.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९६६च्या नगररचना कायद्याखाली शहराच्या विकास आराखड्यात अशा जमिनीवर उद्यानासाठी आरक्षण पडतं, पण १० वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि पुढच्या २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षणच संपतं. जमीन घ्यायला रोख पैशांऐवजी टीडीआरचाही, म्हणजे बदल्यात दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क देण्याचाही, मार्ग आहे. अवघड भाग त्यापुढचा: उद्या जमिनीची मालकीण महापालिकाच झाली, तर तिचा हात कोण धरणार? अमेरिकेत जमिनीच्या कागदालाच संवर्धनाची अट जोडतात, मालक बदलला तरी ती सुटत नाही आणि तिच्यावर नजर ठेवणारी संस्था वेगळी असते. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी सोय २००२च्या जैवविविधता कायद्यात आहे, जैवविविधता वारसा स्थळाची, म्हणजे जीवसृष्टीसाठी जपायची जागा म्हणून जाहीर करण्याची. पुण्याच्या ऐन वस्तीतलं गणेशखिंडचं उद्यान २०२० मध्ये असंच वारसा स्थळ झालं.

कोल्हापुरात अशी जागा घेताना ठरावात मला चारच ओळी हव्यात. भराव नाही. पेव्हर नाहीत. रात्री मोठे दिवे नाहीत. आणि गवत कापायचं ते बी झडल्यावर, दिवाळीनंतर. चालणाऱ्यांसाठी वाट जरूर असावी, पण रस्त्याच्या कडेनं. मार्च ते ऑगस्ट आतलं रान टिटवीचं.